रॅम्प झाला, पण नोट्सचं काय? दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वर्ग भरण्याआधीच करायची तयारी

कर्जत / खालापूर : बारावीचा निकाल लागला की कर्जत, नेरळ आणि खोपोलीच्या कॉलेजांत प्रवेशाची धांदल सुरू होते. कागदपत्रांची फाइल घेऊन कोणी कडावहून येतं, कोणी कशेळ्याहून, कोणी चौकवरून. या गर्दीत काही मुलं-मुली कुबड्या घेऊन आलेली असतात, कोणाच्या हातात पांढरी काठी असते, कोणाच्या कानाला यंत्र. काहींचं अपंगत्व तर बाहेरून दिसतही नाही. फॉर्म भरला जातो, फी भरली जाते, प्रवेश होतो. घरच्यांना वाटतं, आता पोरगं मार्गी लागलं.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दिव्यांगांसाठी सोय म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दारातला उतार, म्हणजे रॅम्प येतो. तो हवाच. पण रॅम्पवरून विद्यार्थी वर्गापर्यंत पोहोचतो. फळ्यावर लिहिलेलं, तोंडाने सांगितलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं त्याच्यापर्यंत पोहोचतं का, हा वेगळा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर वर्ग सुरू होण्याआधीच तयार असावं लागतं. ते का, कायदा काय सांगतो, कॉलेजने काय करायचं आणि घरच्यांनी काय मागायचं, याची ही माहिती.

‘आधीच’ म्हणजे नेमकं काय?

समजा, एका अंध मुलीने बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. जुलैत वर्ग सुरू झाले. सरांनी हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. मुलीच्या मोबाइलमध्ये मजकूर वाचून दाखवण्याची सोय आहे, पण फोटो आला की मोबाइल ‘इमेज’ एवढंच बोलतो. तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, बघतो. ऑगस्टमध्ये तिने अर्ज दिला, तो ऑफिसात गेला. मध्ये गणपती आले. सप्टेंबर संपता संपता कोणीतरी नोट्स टाइप करून दिल्या. तोवर परीक्षा दारात.

या उदाहरणात कोणी वाईट वागलेलं नाही. सगळ्यांनी मदतच केली, फक्त उशिरा केली. सहामाही सत्रात शिकवायला जेमतेम तीन-साडेतीन महिने मिळतात. त्यातले दोन महिने सोय मागण्यात गेले, तर बाकीची मुलं अभ्यास करत असताना दिव्यांग विद्यार्थी अर्जाच्या मागे फिरत राहतो. पुढे मार्क कमी पडले की म्हणतात, याला झेपलं नाही.

इथल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. भाताचा राब पावसाआधी भाजून ठेवावा लागतो. मृगाच्या सरी आल्यावर राब भाजायला घेतला, तर तो पेटणारही नाही आणि रोपही वेळेवर मिळणार नाही. शिकवण्याचं तसंच आहे. विद्यार्थी आल्यावर धावपळ करायची नाही. कोणीतरी येणारच आहे, असं धरून तयारी करून ठेवायची.

जगभर हाच विचार रुजतो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्या कराराच्या समितीने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की, एखादी जागा किंवा सेवा सर्वांना वापरता येईल अशी करण्याची जबाबदारी कोणी मागणी करण्याच्या आधीपासूनच लागू असते. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार कॉलेजांनी दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजांचा आधीच अंदाज घेऊन तयारी ठेवायची असते. ‘अजून कोणी मागितलंच नाही’ हे कारण तिथे चालत नाही.

आपला कायदा काय सांगतो?

पूर्वी १९९५ चा कायदा होता. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व, हातापायांचं अपंगत्व हे सगळ्यांना माहीत असतात. पण वाचन-लेखनात अडथळा आणणारी अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, तसंच सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही यादीत आहेत. आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण आढळतात, त्यामुळे वाड्यांमधल्या कुटुंबांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी.

कॉलेजच्या दृष्टीने यातले महत्त्वाचे मुद्दे असे :

• राखीव जागा : कलम ३२ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात. त्यासाठी अपंगत्व किमान ४० टक्के असावं लागतं. प्रवेशाच्या कमाल वयातही ५ वर्षांची सवलत आहे.

• वाजवी सोय : विद्यार्थ्याला इतरांच्या बरोबरीने शिकता यावं म्हणून जो योग्य बदल करणं संस्थेला झेपण्यासारखं आहे, तो नाकारणं हा कायद्याने भेदभाव ठरतो.

• अभ्यासक्रम आणि परीक्षा : कलम १७ मध्ये गरजेप्रमाणे अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत बदल, वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही यात वेळोवेळी लक्ष घातलं. १५ डिसेंबर २०१७ च्या निकालात न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांना ५ टक्के जागांचा नियम पाळायला सांगितलं. इमारतीबरोबर शिकवण्याची पद्धतही दिव्यांगांना सोयीची हवी, हा मुद्दा त्याच प्रकरणात पुढे आला. ८ नोव्हेंबर २०२४ च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालय म्हणालं की, सुगमतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, ते सक्तीचे हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. कॉलेजची श्रेणी ठरवणाऱ्या नॅकच्या तपासणीतही रॅम्प, स्वच्छतागृह, स्क्रीन रीडर, लेखनिक या सोयींबद्दल विचारलं जातं. म्हणजे या सोयी करणं कॉलेजच्याही फायद्याचं आहे.

शिकवणं कुठे कुठे अडतं?

‘दिव्यांग’ हा एक शब्द असला तरी प्रत्येकाची गरज वेगळी असते.

दिसत नाही किंवा कमी दिसतं : फळ्यावर लिहिताना शिक्षक तोंडाने बोलले नाहीत, तर या विद्यार्थ्याला काहीच मिळत नाही. ‘हे इथून तिथे गेलं’ असं म्हटलं की हे कुठलं आणि तिथे म्हणजे कुठे, ते त्याला कळत नाही. लिहिलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायचं, आकृती शब्दांत सांगायची, हा सोपा उपाय आहे. नकाशा किंवा आलेखावर सुतळी आणि डिंकाने उठावाच्या रेषा केल्या, तर तो बोटांनी वाचता येतो. कमी दिसणाऱ्याला मोठ्या अक्षरातली प्रत लागते.

ऐकू येत नाही किंवा कमी येतं : शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले की ओठांच्या हालचालीवरून समजून घेणारा विद्यार्थी तिथेच तुटतो. त्याला पुढच्या बाकावर जागा, धड्यातल्या नव्या शब्दांची यादी आणि लेखी मुद्दे एक दिवस आधी मिळाले, तर तो तासाला तयार होऊन बसतो. व्हिडिओ दाखवायचा असेल तर खाली अक्षरं हवीत. सांकेतिक भाषेतून शिकलेल्या मुलांसाठी दुभाषी लागतो. त्या भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे त्यांच्या लेखी मराठीतल्या चुका म्हणजे बुद्धी कमी, असा अर्थ काढणं चुकीचं आहे.

चालायला, जिने चढायला त्रास : इथे सगळ्यात स्वस्त उपाय वेळापत्रकात आहे. लिफ्ट नसेल तर त्या वर्गाचे सगळे तास तळमजल्यावर लावता येतात. त्याला पैसा लागत नाही, फक्त वेळापत्रक बनवण्याआधी ही गोष्ट माहीत असावी लागते. एकदा वेळापत्रक लागलं की दहा वर्गांची अदलाबदल कोणी करत नाही. प्रयोगशाळेतल्या टेबलाची उंची आणि खुर्ची जाईल एवढ्या दाराचं स्वच्छतागृह, हेही आधीच बघायचं.

अध्ययन अक्षमता : मुलगा हुशार असतो, तोंडी सगळं सांगतो, पण वाचताना अडखळतो, लिहिताना गडबड होते. अशा मुलाला सर्वांसमोर उभं करून वाचायला लावू नये. मजकूर ऐकता आला, परिच्छेद छोटे असले, तर त्याला विषय चांगला समजतो.

न दिसणारे आजार : सिकलसेलच्या रुग्णाला वेदनांचा झटका आला की आठ-आठ दिवस घरी राहावं लागतं. मानसिक आजारातही असे दिवस येतात. हजेरीचा नियम कडक लावला आणि बुडलेल्या तासाच्या नोट्सही मिळाल्या नाहीत, तर वर्ष जातं. तासाचं रेकॉर्डिंग किंवा लेखी मुद्दे ठरलेल्या जागी ठेवले, तर त्याला मागून गाठता येतं.

मराठी नोट्सची खास अडचण : फाँट

इंग्रजी माध्यमापेक्षा मराठीतून शिकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यापुढे एक जास्तीची अडचण आहे, आणि ती बऱ्याच शिक्षकांच्या लक्षातच येत नाही.

अंध विद्यार्थी मोबाइल किंवा कॉम्प्युटरवर ‘स्क्रीन रीडर’ वापरतात. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘टॉकबॅक’ नावाने ही सोय बहुधा आधीच असते. कॉम्प्युटरसाठी ‘एनव्हीडीए’ हा मोफत प्रोग्राम आहे. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्याने वाचतो, मराठीही वाचतो. पण तो मजकूर युनिकोडमध्ये हवा.

आपल्याकडे डीटीपीच्या दुकानात आणि कितीतरी ऑफिसांत अजून कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टायपिंग चालतं. त्यात कागदावर मराठी अक्षर उमटतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरच असतं. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत इंग्रजी ‘डी’ साठवलेला असतो. स्क्रीन रीडर जे आत आहे तेच वाचतो. त्यामुळे सुंदर टाइप केलेल्या मराठी नोट्स अंध विद्यार्थ्याला इंग्रजी अक्षरांची निरर्थक बडबड म्हणून ऐकू येतात.

दुसरी अडचण स्कॅन केलेल्या पीडीएफची. झेरॉक्सच्या दुकानातून पुस्तक स्कॅन करून आणलं, तर ते पानांच्या फोटोंचं बाड असतं. त्यात स्क्रीन रीडरला अक्षर सापडत नाही. फोटोतून अक्षरं काढणारे गूगल लेन्ससारखे प्रोग्राम छापील मराठी बऱ्यापैकी ओळखतात, पण हस्ताक्षर, जोडाक्षरं आणि पुसट झेरॉक्स आली की चुका करतात. त्या तपासायला डोळस माणूस लागतोच.

शिक्षकांसाठी ओळखायची सोपी युक्ती अशी : आपली पीडीएफ मोबाइलवर उघडावी, एका शब्दावर बोट दाबून ठेवावं. शब्द निवडला जाऊन कॉपी झाला आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवल्यावर नीट मराठी दिसला, तर फाइल चांगली. शब्द निवडताच आला नाही, तर तो फोटो आहे. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर जुना फाँट आहे. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे मोफत प्रोग्राम इंटरनेटवर मिळतात.

टाइप केलेल्या मजकुराचा आणखी एक फायदा आहे. खांडसकडच्या किंवा डोंगरावरच्या वाड्यांत रेंज धड नसते. फोटो काढलेल्या शंभर पानांच्या नोट्स कितीतरी एमबीच्या होतात आणि डाउनलोडच होत नाहीत. तीच शंभर पानं साध्या मजकुरात असली, तर एक एमबीच्या आत बसतात. म्हणजे अंध विद्यार्थ्यासाठी केलेली सोय वाडीतल्या प्रत्येक मुलाला उपयोगी पडते. खोपोलीत किंवा रसायनीत कंपनीची शिफ्ट करून शिकणाऱ्याला, खोपोली लोकल चुकल्याने पहिला तास बुडालेल्यालाही पडते.

याच लोकल लाइनवरचं उदाहरण

रायगडची बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्याच विद्यापीठाच्या मुंबईतल्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठी एक संसाधन केंद्र सुरू झालं. ‘एक्सआरसीव्हीसी’ या नावाने ते ओळखलं जातं. पुस्तकं वाचता येतील अशा रूपात आणणं, कॉम्प्युटरचं प्रशिक्षण, लोकांत जाणीव निर्माण करणं असं काम तिथे चालतं. अशी कायमची जागा असली की नवा विद्यार्थी येतो तेव्हा सगळं शून्यापासून सुरू करावं लागत नाही.

आपल्या कर्जत लाइनवरच्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच झेवियर्समध्ये शिकल्या. लहानपणी, वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंध शाळेत शिक्षण, मग झेवियर्समधून पदवी आणि पुढे दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. स्क्रीन रीडरवर पुस्तकं ऐकून त्यांनी लोकसेवा आयोगाची तयारी केली. २०१६ मध्ये त्यांचा ७७३ वा क्रमांक आला, पण रेल्वेच्या सेवेत दृष्टीच्या कारणावरून त्यांना नाकारण्यात आलं. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, २०१७ मध्ये १२४ वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या. २०१९ मध्ये त्यांनी केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रं घेतली. जिद्द त्यांची होतीच. पण वाचायला मिळालं नसतं, तर त्या जिद्दीचं काय झालं असतं, हेही विचारायला हवं.

‘पुस्तक स्कॅन केलं तर कॉपीराइटची केस होईल का?’

ही भीती शिक्षकांना आणि ग्रंथपालांना असते. उत्तर आहे, नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये बदल झाला. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं ब्रेल, ऑडिओ किंवा डिजिटल रूपांतर करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अट एवढीच की, ते दिव्यांग व्यक्तीच्या अभ्यासासाठी असावं, नफ्यासाठी नसावं. अशा पुस्तकांची देशादेशांत देवाणघेवाण व्हावी म्हणून माराकेश करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांना तिथे सभासद होता येतं.

अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, त्यामुळे कोणती पुस्तकं लागणार हे उन्हाळ्याच्या सुट्टीतच कळलेलं असतं. एका कॉलेजने एखादं पुस्तक नीट टाइप करून किंवा वाचून रेकॉर्ड करून ठेवलं, तर शेजारच्या कॉलेजलाही ते देता येतं. एनएसएसच्या मुलांनी एकेक धडा वाटून घेतला तरी काम उरकतं. आणि एकदा झालेलं काम पुढच्या बॅचलाही चालतं.

परीक्षा : लेखनिक आणि वाढीव वेळ

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र दिव्यांग परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं वाढीव मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आणि अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. लिहिताना हात आखडण्याचा आजार असलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की, अपंगत्व ४० टक्के नाही एवढ्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर केंद्राने २०२२ मध्ये ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठीही सूचना काढल्या.

लेखनिक मिळणं ही गावाकडची मोठी अडचण आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधाशोध केली की नातेवाइकाच्या पोराला धरून आणावं लागतं, तो नियमात बसत नाही किंवा त्याचं मराठी शुद्धलेखन कच्चं असतं. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे कॉलेजने सत्राच्या सुरुवातीलाच इच्छुक मुलांची यादी करावी. परीक्षार्थी आणि लेखनिक यांनी निदान दोन सराव पेपर एकत्र सोडवावेत. सांगणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा वेग जुळायला वेळ लागतो. स्पर्धा परीक्षांचे नियम वेगळे असतात आणि बदलतात, त्यामुळे तिथे जाहिरात नीट वाचावी.

चाचण्या, प्रोजेक्ट, तोंडी परीक्षा यांनाही सोयी लागतात. वर्षाअखेरच्या पेपरला लेखनिक दिला आणि वर्गातल्या चाचणीला नाही, असं होऊ नये.

कॉलेजने जूनआधी करायची यादी

१. प्रवेश अर्जात ‘शिकताना कोणती सोय लागेल?’ असा एक रकाना ठेवावा. नुसती टक्केवारी विचारून गरज कळत नाही.

२. एक शिक्षक आणि एक ऑफिस कर्मचारी यांची नावं संपर्कासाठी फलकावर लावावीत. विद्यार्थ्याला प्रत्येक सरांना नव्याने आपली कहाणी सांगावी लागू नये.

३. वेळापत्रक लावण्याआधी गरजू विद्यार्थ्यांचे तास तळमजल्यावर घ्यावेत.

४. नोट्स युनिकोडमध्ये टाइप कराव्यात आणि तासाच्या आदल्या दिवशी द्याव्यात. जमेल तिथे मथळे, क्रमांक आणि आकृतीखाली दोन ओळींचं वर्णन असावं.

५. ग्रंथालयातल्या एका कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर घालून, हेडफोन लावून ठेवावा.

६. लेखनिकांची यादी सत्राच्या पहिल्या महिन्यात तयार करावी.

७. शिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठेवावं. शिकवायला एखाद्या दिव्यांग माजी विद्यार्थ्यालाच बोलवावं. त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. लागतं ते आधी ठरवणं.

घरच्यांनी काय करावं?

दाखला बारावीच्या वर्षातच : दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यासाठी ‘स्वावलंबन कार्ड’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. आपल्याकडे तपासणीसाठी अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाशी संबंध येतो. कर्जत-खालापूरहून तिथे जाणं म्हणजे पूर्ण दिवसाचं काम, आणि एका फेरीत होईलच असं नाही. म्हणून निकालाची वाट न बघता आधीच्या दिवाळीत सुरुवात केलेली बरी. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्वाला पांढरं, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळं आणि ८० टक्के व त्यापुढे निळं कार्ड असतं.

मागणी लेखी : प्रवेशाच्या दिवशीच प्राचार्यांच्या नावे एक पानाचा अर्ज द्यावा. ‘मदत व्हावी ही विनंती’ असं मोघम लिहू नये. ‘नोट्स युनिकोडमध्ये, तासाच्या एक दिवस आधी मिळाव्यात’, ‘पहिल्या बाकावर जागा मिळावी’, ‘चाचणीलाही लेखनिक आणि वाढीव वेळ मिळावा’ असं नेमकं लिहावं. एक प्रत शिक्का मारून आपल्याकडे ठेवावी.

मोबाइलची तयारी : कॉलेज सुरू होण्याआधीच्या सुट्टीत टॉकबॅक शिकून घ्यावा. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ हा प्रोग्राम समोरच्याचं मराठी बोलणं अक्षरांत दाखवतो. तो चुका करतो, पण धागा हातात ठेवतो.

पैशाची मदत : दहावीनंतर शिकणाऱ्या दिव्यांगांसाठी शिष्यवृत्ती आहे, तिची चौकशी महाडीबीटी पोर्टलवर करावी. शिवाय ग्रामपंचायत, नगरपंचायत आणि नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. शिक्षणाला लागणाऱ्या साधनासाठी त्या निधीतून मदत मिळावी, असा अर्ज ग्रामसेवकाकडे देता येतो. ग्रामसभेत हा विषय काढला तर निधी कुठे खर्च झाला, तेही कळतं.

ऐकलंच नाही तर?

आधी प्राचार्यांकडे लेखी स्मरणपत्र द्यावं. त्यानंतर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार अशी समिती असणं बंधनकारक आहे. तिथेही काम झालं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला आहे. २०१६ चा कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण तक्रारीपर्यंत जाईस्तोवर सत्र संपतं, हे खरंच आहे. निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने लागला तरी बुडालेला जुलै-ऑगस्ट परत येत नाही. म्हणून भांडणापेक्षा तयारीचा रस्ता जवळचा. यंदा आपल्या गावातलं कोणी दिव्यांग मूल बारावीला असेल, तर त्याच्या कॉलेजला आजच एक फोन करून विचारावं : हा मुलगा जूनमध्ये येतोय, त्याच्या नोट्स तयार आहेत का?